गुरगुर काढून मिळेल

बक्कलमावशींच्या तोंडाला लागू नये, ही गोष्ट आमच्या इमारतीत नवा माणूस सामान वर चढवायच्या आधी शिकतो. मी त्यांच्या समोरच्या दारात एकवीस वर्षं राहिलो आणि रोज तोंडाला लागलो, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझा. बाकीच्यांना त्या ऐकून माहीत आहेत, आणि त्या ऐकीव माहितीतली निम्मी मीच पसरवलेली आहे.

मावशींचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, आमच्या फाटकाच्या बरोबर समोर. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेर घेऊन यावं, एवढी जागा. तिथे बॅगांच्या चेन, सुटकेसच्या मुठी, पर्सचे बंद, कमरेचे पट्टे, सगळं दुरुस्त होतं. नवरा होता तोवर तो दुकानात बसायचा आणि मावशी घरी दोऱ्याला मेण लावून द्यायच्या. तो गेला तेव्हा गिऱ्हाइकांच्या एकोणीस बॅगा आत अडकल्या होत्या. नातेवाईक म्हणाले, परत करून टाक. मावशी म्हणाल्या, फाटक्या कशा परत करू? एकोणीस बॅगा शिवून होईपर्यंत विसावी आली होती. त्याला आता अठरा वर्षं झाली.

काम करताना तोंडात दोन-तीन बक्कलं धरायची त्यांना सवय. त्यातून बोलणं फारसं कळत नाही, शिव्या मात्र अगदी स्वच्छ कळतात. कुणी बॅग काउंटरवर आपटली तर मावशी हातातला टोचा खाली ठेवतात. "उचला. आता नीट ठेवा. हं, आता बोला काय झालंय." एका बँकेच्या साहेबाला मी तीनदा बॅग उचलून ठेवताना पाहिलंय. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

गेल्या वर्षी एक माणूस चेन बिघडली म्हणून प्रवासाची बॅग टाकून गेला आणि परत आला नाही. मावशींनी बॅग उघडली. चेन धड होती. आत कुत्र्याचं पिल्लू होतं, नीट बंद करून ठेवलेलं. त्या माणसाला मावशींनी जे शब्द वाहिले त्यातले काही मी तोवर ऐकलेही नव्हते, आणि माझा शब्दसंग्रह कमी आहे असं माझी बायकोसुद्धा म्हणणार नाही. पिल्लू दिवसभर उबेला चामड्याच्या तुकड्यांत घुसून बसायचं, म्हणून त्याचं नाव पडलं बोका. "कुत्र्याला बोका म्हणता मावशी, त्याला काय वाटेल?" असं मी विचारलं. "तुला लोक माणूस म्हणतात, तुला काय वाटतं?" असं उत्तर मिळालं.

बोका आणि मी, आमचा एक खेळ होता. मावशींच्या दाराबाहेर तो एक जुनी पिशवी अंगाखाली घेऊन पडलेला असायचा. मी येता-जाता पिशवीचं टोक ओढायचो. तो आधी ढिम्म, मग एक डोळा उघडायचा, मग घशातल्या घशात गुर्र करायचा. गुर्र म्हणजे पुरे. मी सोडायचो, तो झोपायचा. वर्षभर हे चाललं आणि आमच्यात कधी वाकडा शब्द गेला नाही.

आता आमच्या इमारतीचं शहाणपण सांगतो. चार वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये कुणाचा तरी कुत्रा अध्यक्षांच्या मेहुण्यावर गुरगुरला आणि मेहुण्याच्या हातातला केक पडला. कुत्र्याने त्याला पायही लावला नव्हता. पण केक मोठा होता. कमिटी बसली आणि ठराव झाला की गुरगुरणारा कुत्रा तो धोकादायक कुत्रा. तेव्हापासून वर्षातून एकदा खाली पार्किंगमध्ये चाचणी होते. सेक्रेटरी गच्ची, पंप आणि मीटरखोली यांच्या किल्ल्यांचा जुडगा कुत्र्याच्या डोक्यावर धरून खुळखुळवतात आणि मोठ्याने तीसपर्यंत आकडे म्हणतात. कुत्र्याने आवाज केला नाही तर रजिस्टरमध्ये 'उत्तीर्ण' असा शेरा. केला तर नापास, महिन्याभरात पुन्हा उभं राहायचं. असली परीक्षा मी जगात कुठे ऐकली नाही, आणि चारही वर्षं मी तिथे उभा राहून टाळ्या वाजवल्यात, हेही लपवत नाही.

या चाचणीमुळे ज्याचं नशीब फळफळलं तो हेडमास्तर. हे त्याचं टोपणनाव, शाळेशी त्याचा संबंध फक्त मैदानापुरता. शाळेमागच्या रिकाम्या मैदानात तो कुत्र्यांना शिस्त लावतो. तीन आठवड्यांत कुठलाही कुत्रा गप्प करून देतो, आणि देतोच. त्याची एक खास चीज होती, गळपट्टा. जाड पट्टा, ओढला की आवळणारा, आणि आतल्या बाजूने रिव्हेटची टोकं, मानेकडे वळवलेली. हे पट्टे त्याला सहा वर्षं कोण बनवून देत होतं, तर आमच्या बक्कलमावशी. "टोकं बोथट करून बसवते मी, लागत नाहीत, नुसती आठवण देतात," असं त्या मला सांगायच्या. काम मात्र बघण्यासारखं. रिव्हेटची रांग अशी सरळ की पट्टी लावून घ्या.

बोका वर्षाचा झाला आणि यंदा पहिल्यांदा चाचणीला उभा राहिला. अकराव्या आकड्याला गुरगुरला. नापास. मावशींनी आजवर कुणाचा शब्द ऐकून घेतला नव्हता, त्यांना हे फार झोंबलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बोकाच्या गळ्यात स्वतःच्या हातचा पट्टा घातला आणि त्याला हेडमास्तरच्या स्वाधीन केलं. तीन आठवड्यांनी तो आला आणि सेक्रेटरी तीस म्हणेपर्यंत दगडासारखा उभा राहिला. मावशींनी पार्किंगमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मीही दोन कप घेतले.

चार दिवसांनी मी आमचा खेळ काढला. पिशवीचं टोक ओढलं. बोका गप्प. मला वाटलं, शिकून शहाणा झाला, आता माझ्या लायकीचा राहिला नाही. आणखी ओढलं. त्याने तोंड मिटून घेतलं होतं, अंग ताठ, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. हे सगळं मला आज आठवतं. तेव्हा मी फक्त आवाजाची वाट बघत होतो. आवाज आला नाही, दात आले. उजव्या तळहाताला पाच टाके.

दवाखान्यातून येताना सेक्रेटरींनी मला जिन्यातच धरलं. तक्रार लिहून तयार होती. मी डाव्या हाताने सही केली. हात ठणकत होता, रागावलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला अपमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो आणि तक्रार मागे घ्यायला गेलो. सेक्रेटरी म्हणाले, "तक्रार आता तुमची राहिली नाही, इमारतीची झाली." ठराव झाला होता. पंधरा दिवसांनी बोकाची फेरचाचणी. त्यात नापास झाला तर तो पालिकेच्या गाडीत. त्या गाडीतून कुत्री जातात, येत नाहीत.

मावशी माझ्या दारात आल्या तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तिने मला असं एकट्याने तोफेसमोर बऱ्याचदा सोडलंय.

"काय केलंस तू त्याला, मेल्या?"

"रोजचंच, मावशी. पिशवी ओढली."

"रोज चावत नव्हता तो."

"रोज बोलायचा ना. काल बोललाच नाही."

मावशी पुढचा शब्द घेऊन आल्या होत्या, तो तोंडातच राहिला. तशाच वळून परत गेल्या. थोड्या वेळाने मला हाक आली. बोका त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पडला होता आणि मावशी त्याच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला करत होत्या. खाली खपल्या होत्या, ओळीने, सारख्या अंतरावर. मावशींनी बोटाचं पेर एका खपलीवरून दुसऱ्या खपलीवर ठेवत नेलं. शेवटपर्यंत एकही चुकली नाही.

"हे माझं माप आहे," त्या म्हणाल्या.

आपलं अक्षर दुसऱ्याच्या पत्रात सापडावं तसा तो चेहरा होता.

जनावरांची डॉक्टर तरुण आणि फटकळ. तिने मानेला मलम लावता लावता सांगितलं, "गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं 'जरा थांबा' असतं. ते म्हटल्याबद्दल मार मिळाला की तो म्हणायचं सोडतो. वाटायचं सोडत नाही. मग राहतो तो फक्त चावा." उपायही सांगितला. ज्याची भीती वाटते ते लांबून, थोडं थोडं दाखवायचं आणि सोबत आवडीचं खायला द्यायचं. तो गुरगुरला तर त्याच्यावर ओरडायचं नाही, आपण मागे सरायचं. मावशींनी तिच्याशी एका शब्दाने वाद घातला नाही. एकवीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिथून त्या थेट मैदानावर गेल्या आणि मी त्यांच्या मागे. असल्या वेळी घरी बसणं मला जमत नाही. कुंपणाशी उभं राहून आम्ही तासभर बघितलं. एका भुऱ्या कुत्रीसमोर हेडमास्तर छत्री उघडायचा. ती गुरगुरली की पट्ट्याला हिसका. पुन्हा छत्री, पुन्हा हिसका. सातव्या वेळेला छत्री उघडली आणि ती गप्प राहिली. शेपटी पोटाखाली, अंग थरथरतंय, पण गप्प. मालकीणबाई म्हणाल्या, किती छान शिकली.

मावशी आत शिरल्या. सहा वर्षं त्या हेडमास्तरला 'तुम्ही' म्हणायच्या. त्या दिवशी सरळ 'तू'वर आल्या.

"तू हिचं काय काढलंस रे?"

"भीती काढली, मावशी. खोड मोडली."

"भीती आहे तिथेच आहे, बघ कशी कापतेय. तू कुकरची शिट्टी दाबून धरलीस आणि सांगतोस वाफ गेली."

"हे बघा, कुत्र्याला मालक कोण ते कळावं लागतं. खाऊ-पिऊ घालून कुत्री शिकत नसतात. आणि पट्टा तर तुमच्याच हातचा आहे."

हे त्याने हसत सांगितलं. मावशींचा चेहरा काळा पडला, कारण ते खरं होतं. त्यांनी वाकून त्या कुत्रीच्या गळ्यातला पट्टा सोडवला, कमरेच्या पिशवीतून रापी काढली, चामडं कापायची ती अर्धगोल सुरी, आणि पट्ट्याचे तिथल्या तिथे चार तुकडे केले. मालकीणबाई किंचाळल्या. हेडमास्तर म्हणाला, "मी दुसरीकडून करून घेईन." मावशी म्हणाल्या, "घे. जो करून देईल त्याला हेच तुकडे दाखवायला येईन मी." परत येऊन दुकानातले तयार असलेले सहा पट्टेही त्यांनी कापले. दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. त्या दिवशी त्यांच्या तोंडात बक्कलं नव्हती आणि तरी एक शब्द बाहेर आला नाही. तो राग स्वतःवरचा होता. मी तेवढा ओळखू शकतो, माझ्याकडेही थोडा शिल्लक होता.

मग माझी ड्यूटी लागली. "तू चावून घेतलंस, तूच निस्तर," असा हुकूम. रोज सकाळी मी मजल्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. बोकाने मला बघितलं की मावशी त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा देणार. मी आड झालो की अंडं बंद.

"तू दिसलास की त्याला वाटलं पाहिजे, चला, काहीतरी चांगलं येतंय."

"मावशी, मला बघून असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही."

"म्हणून तर अंडं लागतंय."

दाराच्या फटीतून बायको म्हणाली, "एकवीस वर्षांत पहिल्यांदा यांचा कुणाला उपयोग होतोय."

किल्ल्यांचंही तसंच. आधी एक किल्ली, फडक्यात गुंडाळून, दुसऱ्या खोलीत. मग फडक्याशिवाय. मग दोन. बोकाने कान मागे टाकले की मावशी मला हाताने थांबवायच्या आणि मी थांबायचो. इतका आज्ञाधारक मी शाळेतही नव्हतो. आठवड्याभरात तो मला बघून शेपटी हलवायला लागला. मला की अंड्याला, हा प्रश्न मी विचारला नाही.

अकराव्या दिवशी मी चुकलो. गप्पांच्या नादात भलता जवळ गेलो आणि हात पुढे केला. बोकाच्या घशातून आवाज आला. बारीक, गंजलेल्या बिजागरीसारखा. मी दोन पावलं मागे सरलो. मावशींनी तोंडातली बक्कलं हातावर काढली.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मागे कोण सरलं?"

"मी."

"त्याला सांग तसं."

"सरलो रे बाबा," मी कुत्र्याला म्हणालो. मावशींनी बाहीने तोंड पुसलं आणि लगेच माझ्यावर ओरडल्या, इतका जवळ गेलासच कशाला म्हणून. मग ओरडता ओरडता थांबल्या. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ज्या आवाजासाठी अकरा दिवस घालवले, त्याच आवाजाला चार दिवसांनी खाली नापास करणार होते.

हेडमास्तरला हे वास यावा तसं कळलं. जिन्यात गाठून म्हणाला, "जुनी ओळख आहे म्हणून सांगतो. दोन दिवस माझ्याकडे द्या, गाडीपासून वाचवतो." मावशी म्हणाल्या, "तुझ्यापासून वाचवल्यावर मग गाडीचं बघते."

चाचणीच्या दिवशी पार्किंगमध्ये निम्मी इमारत जमली होती. सेक्रेटरींनी जुडगा धरला आणि आकडे सुरू केले. बोकाने वर किल्ल्यांकडे पाहिलं, मग मावशींच्या मुठीकडे. अंडं मिळालं. पुन्हा वर, पुन्हा मुठीकडे. एक-दोन वेळा कान मागे गेले, परत आले. तीस. आवाज नाही. मी टाळी वाजवायला गेलो आणि टाके दुखले.

"खायला मिळालं तर मीही गप्प बसेन," हेडमास्तर मागून म्हणाला. "ही तर लाच झाली. खाण्याशिवाय घ्या."

लोक हसले. सेक्रेटरींना ते पटलं. ज्याने आवळून गप्प केलं त्याची शिस्त, आणि जिने अंडं देऊन धीर दिला तिची लाच. यावर एकाही शेजाऱ्याला काही म्हणायचं नव्हतं. मावशी म्हणाल्या, अजून महिनाभर द्या, खाण्याशिवायही राहील. सेक्रेटरी म्हणाले, आजच. आणि यावेळी जुडगा असा खाली आणला की किल्ल्या बोकाच्या नाकाला लागत होत्या. एकोणिसाव्या आकड्याला तो गुरगुरला. सेक्रेटरी उडी मारून मागे गेले.

"बोटं मोजा," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"हाताची बोटं मोजा तुमच्या. दहा आहेत ना? त्याने सांगितलं, तुम्ही ऐकलंत, दहाच्या दहा घरी घेऊन जा."

मग मी बोललो, तोही मोठ्याने. "मला चावला तेव्हा हा पास झालेला होता. रजिस्टरमध्ये बघा."

सेक्रेटरींनी खरोखर रजिस्टर उघडून बघितलं. तारीख होती, 'उत्तीर्ण' होतं, खाली त्यांचीच सही. पान मिटत म्हणाले, "तो विषय वेगळा आहे." आणि नवीन पानावर 'नापास' असं लिहिलं. गाडी सकाळी येणार.

मावशींनी भांडण केलं नाही. मी त्याच्यासाठीच उभा होतो, पण नाही केलं. "इमारतीत कुत्रा नको ना? नाही राहणार," एवढं म्हणून वर गेल्या आणि गादी गुंडाळली. दुकान रस्त्याच्या पलीकडे, तिथे कमिटीचा हात पोचत नाही. गादीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी डाव्या हाताने. फाटकात कुणी बाजूला झालं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "सरा. आमच्यात गुरगुरल्यावर सरायची पद्धत आहे." सरले सगळे.

सकाळी गाडी आली आणि रिकामी गेली. मावशी आता दुकानातच राहतात. बॅगा छताला टांगल्यात, खाली गादी, गादीवर बोका. त्यांच्या लेकीने फोनवर खूप आदळआपट केली, या वयात आई जमिनीवर झोपते म्हणून. घराला कुलूप आहे. मी रोज संध्याकाळी जातो, काउंटरवर काही आपटत नाही, आणि परत येताना आमच्या इमारतीकडे बघून माझं डोकं फिरतं. एकवीस वर्षांची शेजारीण घालवली या लोकांनी, आणि कागदावर पहिली सही माझी.

हेडमास्तरचं उत्तम चाललंय, पट्टे दुसरा कुणीतरी बनवून देतो. इमारतीत सात कुत्री उरलीत. सातही उत्तीर्ण. परवा लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा पांढरा कुत्रा माझ्या पायाशी उभा होता, तोंड मिटून, वर माझ्याकडे बघत. मालकीण म्हणाली, "घाबरू नका हो, काही करत नाही. पास झालाय."

मी पहिल्या मजल्यावर उतरलो आणि वरचे दोन जिने चढून गेलो.